गणिताच्या उत्तरपत्रिकेत काय तपासावे?

धारवाड हे सीमाभागातील मराठी माणसाला परके गाव नव्हे. १९१७ साली तेथे कर्नाटक कॉलेज निघाले, १९४९ साली कर्नाटक विद्यापीठ स्थापन झाले, आणि २०१० साली राणी चन्नम्मा विद्यापीठ वेगळे होईपर्यंत बेळगावच्या पदवीधरांच्या प्रमाणपत्रावर धारवाडचीच मोहोर उमटत असे. तेव्हा हुबळी-धारवाडच्या महाविद्यालयांत गणिताची परीक्षा कशी होते, हा प्रश्न आपल्या घरातलाच आहे.

२०२१ साली राज्याने नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण स्वीकारले. सत्रान्त परीक्षेला ६० व अंतर्गत मूल्यमापनाला ४० गुण ठरले. २०२४ साली चार वर्षांची पदवी रद्द होऊन पुन्हा तीन वर्षांची आली. वर्षांचा आणि गुणांच्या वाटणीचा वाद पुष्कळ झाला. परंतु उत्तरपत्रिकेत परीक्षकाने शोधावयाचे काय, याचा विचार कोणी करावयाचा?

साधे उदाहरण घेऊ. क्ष वर्ग उणे ९ या राशीला क्ष उणे ३ ने भागले, तर क्ष ३ च्या जवळ जात असता भागाकाराची मर्यादा किती? समान अवयव खोडून एक मुलगा ‘६’ लिहून मोकळा होतो. दुसरा लिहितो की, क्ष नेमका ३ असता छेद शून्य होतो, म्हणून ती किंमत वगळूनच अवयव खोडता येतो. मात्र शेवटचा आकडा लिहिताना तो चुकतो. मर्यादेचे मर्म कोणाला कळले, हे सांगावयास नको. पहिल्याला पूर्ण गुण व दुसऱ्याला शून्य मिळत असेल, तर ती परीक्षा आकड्याची झाली, गणिताची नव्हे.

क्रमांकाचे तेज आम्ही नाकारीत नाही. कोकणातील रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजचे सीनिअर रँग्लर झाले, याचा अभिमान मराठी मनाला आजही वाटतो. तथापि त्याच केंब्रिजने १९०९ नंतर ती क्रमवारी जाहीर करणे सोडून दिले. खासगी शिक्षकांकडे ठरावीक प्रश्नांचा सराव करण्यातच बुद्धिमान मुलांची वर्षे जात, आणि हार्डींसारखे गणिती या पद्धतीवर कडाडून टीका करीत होते.

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. सत्राच्या पहिल्याच दिवशी नियम लेखी द्यावेत: कोणत्या पायरीला किती गुण, चाचणी चुकल्यास पुढे काय. अंतर्गत चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासून मुलांच्या हाती परत द्याव्यात, म्हणजे ते गुण मर्जीचे आहेत ही शंका उरणार नाही. मराठी शाळेतून आलेल्या मुलाचे इंग्रजी वाक्य अडखळले तरी तर्क सरळ असेल, तर गुण कापू नयेत. आणि प्रत्येक प्रश्नपत्रिकेत एक तरी प्रश्न पुस्तकाबाहेरचा असावा.

त्याने निकाल खाली येईल, असे कोणी म्हणेल. पहिल्या वर्षी येईलही. परंतु पाठ केलेली सिद्धता परीक्षेबरोबर विसरते. स्वतः शोधलेली वाट जन्मभर पायाखाली राहते. मुलगा घरी आला की ‘किती गुण?’ याच्या आधी ‘कसे सोडवलेस?’ असे आपणही विचारू लागलो, तर विद्यापीठालाही तोच प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला येईल.