वडाची सावली आणि तिकिटाचा कागद

आपल्या सीमाभागातल्या नंदगडला क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीवर वड उभा आहे. 26 जानेवारी 1831 रोजी इंग्रजांनी त्याला याच गावच्या मातीत फाशी दिले. त्या सावलीत बसले की मला दुसरा एक वड आठवतो, रयत शिक्षण संस्थेच्या बोधचिन्हावरचा. कुंभोजच्या भाऊराव पाटलांनी 1919 साली काले गावात ती संस्था उभी केली आणि गरिबाच्या पोराला ‘कमवा आणि शिका’चा रस्ता दाखवला. 1988 साली त्यांचे टपाल तिकीट निघाले. जोतिराव फुल्यांचे 1977 साली निघाले होते, सावित्रीबाई फुल्यांचे निघाले 10 मार्च 1998 रोजी, त्यांच्या स्मृतिदिनी. 1990 हे आंतरराष्ट्रीय साक्षरता वर्ष होते, तेव्हाही आपल्या टपाल खात्याने खास तिकीट काढले. नखाएवढा हा कागद मला फार मोलाचा वाटतो. कारण ज्या घरात अक्षर पोचलेले नसते, तिथेही पत्र पोचते, आणि त्यावरचे तिकीट न वाचताही दिसते. पण मुंबईला गेलेल्या मुलाचे पत्र पोस्टमनकडून वाचून घेताना आईला मनातले चार शब्द गिळावे लागतात. तिची ही परस्वाधीनता संपवणे, हाच साक्षरतेचा खरा अर्थ. आपल्या सीमाभागात ते अक्षर मराठी असो की कन्नड, ते प्रत्येक हाताला यायला हवे. तुमच्या घरात, गल्लीत, शेतात अजून कोणी अंगठा उठवत असेल, तर आज संध्याकाळी त्यांच्याशेजारी पाटी घेऊन बसा.