तूर दोघांची आहे

आफ्रिकेतल्या शेतकऱ्याच्या बाजूने उभं राहायचं आम्ही ठरवलं आहे, आणि हे आम्ही तूर पिकवणाऱ्या गावात जाहीर करतो आहोत. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात, नागपूर-अमरावती रस्त्यावरच्या तळेगाव श्यामजी पंत इथे. या गावात कोणी उठून म्हणालं की मोझांबिकच्या शेतकऱ्याला न्याय मिळाला पाहिजे, तर पहिला सवाल काय येईल ते आम्हाला ठाऊक आहे. "त्यांच्याच तुरीनं आपला भाव पाडला ना?" सवाल रास्त आहे. त्याचं उत्तर न देता पुढे गेलो तर आमचं कोणी ऐकू नये.

२०१६चा पाऊस बरा झाला आणि तूर अमाप पिकली. हमीभाव बोनस धरून क्विंटलला ५,०५० रुपये होता. २०१७च्या मार्च-एप्रिलमध्ये खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, बारदाना संपला, मोजणी बंद पडली. आमच्यातला एक जण त्या रांगेत अकरा दिवस होता. रात्री तुरीच्या ढिगावर ताडपत्री आणि ताडपत्रीवर तो. दुपारी ढिगात हात घातला की वरची तूर चटका द्यायची आणि कोपरभर आतली गार लागायची, हे तो अजून सांगतो. बाराव्या दिवशी ट्रॅक्टरचं भाडं परवडेना, म्हणून त्याने चार हजारांच्या आत व्यापाऱ्याला माल देऊन टाकला. घरी परतताना गाडीत फक्त घडी केलेली ताडपत्री होती.

आता त्याच वर्षाची दुसरी बाजू. डाळीचे भाव कडाडले होते म्हणून जुलै २०१६मध्ये भारताने मोझांबिकशी करार केला. पहिल्या वर्षी १ लाख टन, मग वाढवत २०२०-२१पर्यंत २ लाख टन. नांपुला आणि झांबेझिया या प्रांतांत, जिथे एकेका कुटुंबाकडे एखाद-दुसरा हेक्टर जमीन आणि हातात कुदळ, तिथे लोकांनी तूर वाढवली. तिकडचे ऋतू आपल्या उलटे. आपली तूर जानेवारीत निघते, त्यांची आपल्या पावसाळ्यात. त्यांचं पीक हाताशी येत असताना, ५ ऑगस्ट २०१७ला, आपल्या सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. करारातला माल त्यातून वगळला होता, पण गावात गोणी घेऊन येणारा व्यापारी कराराची कलमं वाचून दाखवत नाही. भारत घेत नाही, एवढंच तो सांगतो. तिथला भाव कोसळला. जे पीक जवळजवळ सगळंच भारतासाठी लावलं होतं, ते घरात पडून राहिलं.

तेव्हा रांगेत बसलेल्या आमच्या माणसाला सांगितलं गेलं की तुला आयातीने मारलं, आणि नांपुलातल्या माणसाला सांगितलं गेलं की तुला आयातबंदीने मारलं. दोघांनीही पेरलं तेव्हा पुढे काय होणार हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ज्यांनी ठरवलं त्यांच्या ताटातलं वरण मात्र एक दिवसही चुकलं नाही. या दोन शेतकऱ्यांना एकमेकांचे वैरी म्हणून उभं करण्याला आमचा विरोध आहे. ही चळवळ त्यासाठी आहे.

आम्ही कोण? सुरुवात काही कॅथलिक घरांनी केली. या भागात ती बोटांवर मोजण्याइतकी आहेत. कोणाचे आईवडील शिक्षक म्हणून आले, कोणाची आई नर्स म्हणून, काही इथल्याच मातीतले. आज आमच्यातले निम्मे कॅथलिक नाहीत, आणि त्यांना तसं व्हायला कोणी सांगणार नाही. पण आम्ही श्रद्धेतून बोलतो आहोत हे झाकायचंही कारण नाही. आणि श्रद्धेतून बोलायचं तर आधी आमच्या घरातलं सांगावं लागेल.

मोझांबिक हे पोर्तुगीजांनी १७५२पर्यंत गोव्यातून चालवलं. त्या किनाऱ्यावरून माणसं जहाजात भरून गोव्यात आणली, विकली, आणि ती विकत घेणाऱ्यांत रविवारी मिस्सेला बसणारे लोक होते. १४५२ आणि १४५५ साली पोपच्या फर्मानांनी पोर्तुगालच्या राजाला आफ्रिकेतल्या माणसांना गुलाम करण्याची मुभा दिली होती. पोप दुसरे जॉन पॉल २२ फेब्रुवारी १९९२ला सेनेगलच्या गोरे बेटावर गेले, जिथून गुलाम पाठवले जात, आणि तिथे त्यांनी क्षमा मागितली. त्या फर्मानांवर उभ्या राहिलेल्या सिद्धांताशी ख्रिस्तसभेचा संबंध नाही असं व्हॅटिकनने मार्च २०२३मध्ये जाहीर केलं. उशीर झाला, फार उशीर. आम्हाला लहानपणी धर्मशिक्षणात शिकवलं होतं की चोरीचं पाप नुसतं पापनिवेदनात सांगून सुटत नाही, चोरलेलं परत करावं लागतं. आफ्रिकेच्या बाबतीत ते परत करणं अजून बाकी आहे.

याच ख्रिस्तसभेत दुसरी माणसंही झाली, आणि आम्ही त्यांचं बोट धरणार आहोत. १९७१मध्ये 'व्हाइट फादर्स' या मिशनरी संघाने मोझांबिक सोडलं, कारण तिथली धर्मसत्ता पोर्तुगीज राजवटीच्या मांडीला मांडी लावून बसली होती. १६ डिसेंबर १९७२ला तेते शहराजवळच्या विरियामू आणि आसपासच्या वस्त्यांत पोर्तुगीज सैनिकांनी सुमारे ४०० माणसं मारली. तिथे काम करणाऱ्या धर्मगुरूंनी वाचलेल्यांना भेटून मेलेल्यांची नावं लिहून काढली. बायकांची, पोरांची, एकेक नाव. ती यादी देशाबाहेर गेली आणि फादर एड्रियन हेस्टिंग्ज यांनी १० जुलै १९७३ला लंडनच्या 'टाइम्स'मध्ये ती हकीकत छापून आणली. पोर्तुगालचं सरकार म्हणालं, असं गावच नाही. पण नावं लिहिलेली होती. पुढच्या वर्षी, एप्रिल १९७४मध्ये, नांपुलाचे बिशप मानुएल व्हिएरा पिंतो यांना खरं बोलल्याबद्दल देशाबाहेर काढलं गेलं. हा तोच नांपुला, जिथली तूर आज आपल्या दुकानात येते.

आपल्या बाजूचाही एक माणूस सांगायला हवा. पियो गामा पिंटो, गोव्याच्या कॅथलिक घरातला, नैरोबीत जन्मलेला. त्याने गोव्याच्या मुक्तीसाठी काम केलं आणि केनियाच्या स्वातंत्र्यासाठी इंग्रजांच्या कैदेत वर्षं काढली. स्वातंत्र्यानंतर तो खासदार झाला आणि जमीन गरिबांना मिळावी म्हणून आपल्याच पक्षाच्या सत्तेशी भांडला. २४ फेब्रुवारी १९६५ला त्याला घराच्या फाटकापाशी गोळ्या घातल्या, तेव्हा गाडीत त्याची लहान मुलगी होती. आणि अलीकडचे, मराठीतले, फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी ते वेदीवरून उतरून रस्त्यावर आले. जमिनीचा प्रश्न हा प्रार्थनेचा प्रश्न आहे, हे आम्ही त्यांच्याकडून घेतलं.

म्हणून आम्ही जुने कपडे गोळा करणार नाही. आफ्रिकेतल्या उपाशी पोराचा फोटो भिंतीवर लावून पेटी फिरवणार नाही. विदर्भालाही लोकांनी असंच पाहिलं आहे. कॅमेरे आले, विधवेच्या दारात उभे राहिले, निघून गेले. ज्या नजरेने आपल्याला पाहिलेलं आपल्याला खुपलं, त्या नजरेने आम्ही दुसऱ्याकडे पाहणार नाही.

कर्जाचं घ्या. २०१३-१४मध्ये मोझांबिकच्या काही सत्ताधाऱ्यांनी परदेशी बँकांकडून २ अब्ज डॉलरच्या घरात कर्जं काढली, मासेमारीच्या बोटी आणि किनाऱ्याच्या रखवालीच्या नावाखाली. संसदेला पत्ता नव्हता. २०१६मध्ये ते उघड झालं, परदेशी मदत थांबली, चलन घसरलं, आणि ज्यांनी त्या बोटी कधी पाहिल्याही नाहीत त्यांच्या दवाखान्यांचा आणि शाळांचा पैसा आटला. माजी अर्थमंत्र्याला ऑगस्ट २०२४मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोषी ठरवलं. कोऱ्या कागदावर अंगठा घेणाऱ्या सावकाराची गोष्ट इथे कोणाला समजावून सांगावी लागत नाही. बायबलच्या लेवीय पुस्तकात दर पन्नासाव्या, योबेल वर्षी जमीन मूळ धन्याला परत द्यायची आणि बांधलेल्याला मोकळं करायचं असा कायदा आहे. २०००च्या योबेलला जगभर गरीब देशांच्या कर्जमाफीची मोहीम झाली, २०२५च्या योबेलला पोप फ्रान्सिस यांनी तीच हाक पुन्हा दिली. विदर्भातला माणूस या हाकेत सामील नसेल तर कोण असेल?

आणि एक गोष्ट, जी गावात फार थोड्यांना माहीत आहे. मोझांबिकच्या उत्तरेला, काबो देल्गादो प्रांताच्या समुद्रात, नैसर्गिक वायूचा मोठा साठा सापडला. तो काढण्याच्या प्रकल्पात भारताच्या सरकारी तेल कंपन्यांचा मिळून ३० टक्के वाटा आहे. म्हणजे तुमचा-आमचा. प्रकल्पासाठी अफुंगीमधली कोळी आणि शेतकरी कुटुंबं उठवली गेली. त्याच प्रांतात २०१७पासून सशस्त्र बंड चालू आहे, मार्च २०२१मध्ये पाल्मा शहरावर हल्ला झाला, आणि या हिंसेने एका टप्प्यावर सुमारे दहा लाख लोक बेघर झाले. अप्पर वर्धा धरणाखाली आपल्याकडची गावं गेली. त्या प्रकल्पग्रस्तांना ऑगस्ट २०२३मध्ये मुंबईला मंत्रालयाच्या जाळीवर उड्या घ्याव्या लागल्या, तेव्हा कुठे महाराष्ट्राने त्यांच्याकडे वळून पाहिलं. अफुंगीच्या कोळ्याला उडी घ्यायला दिल्लीत जाळी नाही. त्याच्या वतीने विचारायचं तर ते इथूनच विचारावं लागेल.

आमच्या मागण्या साध्या आहेत. तुरीची किती आयात होणार आणि किती शुल्क लागणार हे आपल्या पेरणीच्या आधी, मे महिन्यात, जाहीर व्हावं, आणि त्यांच्या पेरणीच्या आधी, ऑक्टोबरपर्यंत, त्यांनाही कळावं. मधेच बदल नको. मे २०२१मध्ये दारं उघडली तशी एका आदेशाने उघडू नयेत, आणि एका आदेशाने लागूही नयेत. परदेशी तूर आपल्या बंदरात हमीभावाच्या खाली उतरू नये. २०२५-२६चा हमीभाव ८,००० रुपये आहे. पण त्यामुळे परदेशी तुरीला मिळणारा वरचा पैसा बंदरातल्या दलालाच्या खिशात जाणार असेल तर त्यात न्याय नाही. म्हणून सरकारने तिथल्या शेतकरी संघांकडून लेखी भावाने थेट खरेदी करावी. सरकारी तेल कंपन्यांनी अफुंगीच्या विस्थापितांना काय दिलं आणि काय राहिलं, ते संसदेसमोर ठेवावं.

काही गोष्टी मागायच्या नसून आपणच करायच्या आहेत. मे २०१६मध्ये दिल्लीत कांगोच्या एका तरुण शिक्षकाला रस्त्यावर मारून टाकलं. शिकायला आलेल्या आफ्रिकन मुलांना आपल्या शहरांत खोली मिळत नाही, मागून नावं ठेवली जातात. ज्याच्या जमीनमोजणीचं नाव दख्खनच्या महसुलाला चिकटलं, तो मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून विकलेला पोरगा होता, हे आपण शाळेत वाचतो आणि विसरतो. डिसेंबर २०१८मध्ये घानाच्या विद्यापीठातून गांधींचा पुतळा हटवला, कारण दक्षिण आफ्रिकेतल्या त्यांच्या सुरुवातीच्या लिखाणात काळ्या लोकांविषयी तुच्छतेचे शब्द आहेत. सेवाग्रामच्या जिल्ह्यातले लोक म्हणून हे ऐकताना आम्हाला लागलं. तरी ते ऐकून घ्यायचं, चिडून उत्तर द्यायचं नाही, असं आम्ही ठरवलं. गांधी पुढे बदलले. आपल्यालाही बदलता येईल.

ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळातल्या दर शुक्रवारी आम्ही एका वेळचं जेवण सोडू आणि तो पैसा चळवळीच्या कामाला ठेवू, टपालाला, भाषांतराला, माहिती अधिकाराच्या अर्जांना. सभा महिन्यातून एकदा, कापसाच्या आणि तुरीच्या हंगामात संध्याकाळी उशिरा, म्हणजे शेतातून येणाऱ्याला पोचता येईल. बायका जमिनीवर आणि पुरुष खुर्च्यांवर, असं बसायचं नाही. कोणत्याही पक्षाचा पैसा नाही. नाव अजून ठेवलेलं नाही, त्याची घाईही नाही.

पहिलं काम पत्राचं. नांपुला धर्मप्रांतातल्या शेतकऱ्यांना, तिथल्या धर्मगुरूंच्या मार्फत. पोर्तुगीज करून देणारं कोणी मिळावं म्हणून गोव्यात विचारलं आहे. मसुदा तयार आहे. त्यात आम्ही आमचं २०१७ सांगितलं आहे, रांगेसकट, आणि विचारलं आहे: तुमच्याकडे तुरीचा भाव कोण सांगतं? गोणी कोणाची असते? काटा कोणाचा? ओल्या शेंगा तुम्ही घरी कशा खाता? आमच्याकडे हिवाळ्यात सोलेभात करतात, त्याची कृती पत्राच्या शेवटी दिली आहे.

तळेगाव (श्यामजी पंत), ता. आष्टी, जि. वर्धा