डॉक्टर, एवढं एकदा विचारा : पैसे लावून खेळता का?

आमच्या वस्तीतला एक सफाई कामगार. ठेकेदाराकडे नोकरी, वय चाळिशीच्या आत, दारू नाही, तंबाखू नाही. गेल्या वर्षी सहा-सात महिने तो वस्तीतल्याच दवाखान्यात जात होता. कधी अ‍ॅसिडिटी, कधी डोकेदुखी, कधी छातीत धडधड, बहुतेक वेळा झोप येत नाही म्हणून. प्रत्येक वेळी गोळ्या मिळाल्या आणि "टेन्शन घेऊ नका" असा सल्ला मिळाला. टेन्शन कशाचं, हे कुणी विचारलं नाही. एक दिवस त्याने विष घेतलं. वाचला. तेव्हा घरात कळलं की आधी मोबाइलवरच्या रमीत आणि मग मटक्यात बचत गटाचं कर्ज, मुलीच्या कॉलेजची फी, बायकोचं डोरलं, सगळं गेलं आहे.

रुग्णालयात तो मला म्हणाला, "ताई, डॉक्टरांनी एकदा विचारलं असतं, तर मी सांगून टाकलं असतं."

कदाचित पहिल्या वेळी नसतंही सांगितलं. पण विचारलंच गेलं नाही, हे खरं. आणि दोष एकट्या डॉक्टरांचा नाही. त्याच काळात मुलीच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी मी त्याच्या घरी तीनदा जाऊन आले होते. समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या माझ्याही तोंडून तो प्रश्न निघाला नाही.

म्हणून हा लेख.

जुगाराची लत हा आजार आहे, हे आता वादाचं राहिलेलं नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये तिला दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या रांगेत बसवलं. जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही ती व्यसनी वर्तनाचा विकार म्हणून नोंदलेली आहे. पण दारूचा वास येतो, जुगाराचा येत नाही. जुगारी माणूस दवाखान्यात "मी जुगारी आहे" असं सांगत येत नाही. तो पित्त, रक्तदाब, निद्रानाश घेऊन येतो. पुष्कळदा तो येतच नाही, त्याची बायको येते, अंगदुखी आणि अशक्तपणा घेऊन.

मानसोपचारतज्ज्ञ आमच्या वस्तीपासून दोन बस दूर आहे. तिथे जाणं म्हणजे एक दिवसाचा रोज बुडवणं आणि "वेडा झाला" हा शिक्का घेणं. त्यामुळे पन्नास-शंभर रुपयांत तपासणारा वस्तीतला डॉक्टर हाच आमचा पहिला आणि बहुतेकदा शेवटचा डॉक्टर असतो. त्याला तीन पिढ्या ठाऊक असतात. हे कुणाच्या लक्षात येऊ शकत असेल, तर त्याच्याच.

"एका संध्याकाळी साठ पेशंट, वेळ कुठून आणू?" असं डॉक्टर म्हणतील. प्रश्न रास्त आहे. पण यासाठी फक्त दोन प्रश्नांची एक चाळणी आहे आणि ती अनेक देशांत वापरली जाते. खेळात आणखी आणखी पैसे लावावेसे वाटतात का? किती खेळता हे जवळच्या माणसांपासून लपवायला खोटं बोलावं लागलं का? एकाही प्रश्नाला "हो" आलं, तर पुढे चौकशी करायची. रक्तदाबाचा पट्टा गुंडाळेपर्यंत हे विचारून होतं. कंपवाताच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ प्रामिपेक्सोलने, काही रुग्णांना जुगाराची अनावर ओढ लागते. म्हणजे कधी कधी कारण डॉक्टरच्याच चिठ्ठीत असतं. तेही विचारल्याशिवाय कळत नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच चळवळीतला आहे. "कंपन्यांनी लुटलं आणि तुम्ही माणसालाच रोगी ठरवता?" मला हा आक्षेप मोलाचा वाटतो. पण क्षयाचं मूळ कोंदट खोलीत आणि उपासमारीत असतं, म्हणून आपण क्षयरोग्याचं औषध थांबवत नाही. घरासाठी लढतो आणि औषधही देतो. इथेही दोन्ही हवं.

तिसरे म्हणतील, आता तर बंदी आली. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. चांगलंच झालं. पण बंदीने अ‍ॅप जातं, लत जात नाही, कर्ज तर नाहीच नाही. आमचा माणूस रमीवरून मटक्याकडे वळला, आणि तिथे 1887 चा जुगारबंदी कायदा अड्ड्यावर सापडलेल्या खेळणाऱ्यालाही पकडतो. म्हणजे लपवण्याचं कारण वाढलं. दुसरीकडे 1969 पासून राज्य सरकार स्वतःची लॉटरी विकत आहे. अशा गोंधळात "इथे बोललेलं बाहेर जाणार नाही" असं सांगू शकणारी जागा दवाखानाच आहे.

पण ती जागा तशी राहायला हवी. "तुम्हा लोकांच्या हातात पैसा टिकत नाही" हे वाक्य मी दवाखान्यात ऐकलेलं आहे. "तुम्हा लोकांच्या" म्हणजे कुणाच्या, हे सांगायची गरज नाही. बंगल्यातल्या माणसाचं व्यसन आजार ठरतं आणि वस्तीतल्या माणसाचं व्यसन जातीचा स्वभाव ठरतो. असं ऐकल्यावर कोण तोंड उघडेल?

आपणही विहारात वेगळं काय करतो? सिगालोवाद सुत्तात बुद्धांनी जुगाराचे परिणाम सांगितले आहेत : जिंकणाऱ्याचा द्वेष होतो, हरणारा झुरतो, धन जातं, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ मानतात, लग्नाला कुणी विचारत नाही. ही कार्यकारणाची मांडणी आहे, शाप नाही. आपण मात्र ती झोडपण्यासाठी वापरतो.

मागण्या साध्या आहेत. आशाताई तीस वर्षांवरच्या माणसांचा जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात तंबाखू आणि दारूचा प्रश्न आहे, जुगाराचा नाही. तो घाला. पालिकेच्या आणि खाजगी दवाखान्यांतल्या डॉक्टरांना, बीएएमएस-बीएचएमएस धरून, याचं प्रशिक्षण द्या. "हो" म्हणणाऱ्याला जीव द्यावासा वाटतो का, हेही सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. अशा माणसाच्या हाती झोपेच्या गोळ्यांची अख्खी पट्टी देऊ नका. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाची चिठ्ठी द्या आणि टेली-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक भिंतीवर लावा.

तो कामगार आता पुन्हा कामावर जातो. कर्ज अजून फिटलेलं नाही. मी आता कुठल्याही घरी फॉर्म भरायला गेले, की शेवटी तो एक प्रश्न विचारते. पहिल्या वेळी बहुतेक जण "नाही" म्हणतात. काही जण दुसऱ्या वेळी सांगतात.

जयभीम.