विवाह नोंदवहीतील दोन रकाने

केज - समलिंगी जोडप्यांच्या विवाहास कायदेशीर मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने 17 ऑक्टोबर 2023 रोजी नकार दिला. फेरविचार याचिकाही 9 जानेवारी 2025 रोजी फेटाळण्यात आल्या. ही मागणी 'शहरी उच्चभ्रूंची' असल्याचा युक्तिवाद केंद्र सरकारने सुनावणीपूर्वी केला होता. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात तो खोडून काढला. तरीही ही समजूत समाजात कायम आहे. बीड जिल्ह्याकडे पाहिले असता मात्र ती टिकत नाही.

माजलगावचे पोलिस शिपाई ललित साळवे यांचे उदाहरण राज्याला परिचित आहे. स्त्री म्हणून पोलिस दलात भरती झालेल्या साळवे यांच्यावर शासनाच्या परवानगीनंतर 2018 मध्ये मुंबईत लिंगबदल शस्त्रक्रिया झाली. 2020 मध्ये त्यांचा विवाह झाला. 2022 मध्ये बीड शहरात एका तृतीयपंथी वधूचा विवाहही जाहीरपणे पार पडला. अशा विवाहांना घटनापीठानेही आधार दिला आहे. तृतीयपंथी व्यक्तीने भिन्नलिंगी व्यक्तीशी केलेला विवाह प्रचलित कायद्यानुसार वैध ठरतो, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. मात्र, दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया एकत्र राहू इच्छित असतील, तर त्यांना हा दरवाजा बंद आहे.

अडचण कोठे आहे?

विशेष विवाह कायदा, 1954 'कोणत्याही दोन व्यक्तीं'च्या विवाहाविषयी बोलतो; पण वयाची अट सांगताना पुरुषासाठी 21 आणि स्त्रीसाठी 18 वर्षे असा भेद करतो. याचिकाकर्त्यांचा भर पहिल्या शब्दांवर, तर सरकारचा दुसऱ्यावर होता. विवाह हा मूलभूत अधिकार नाही आणि कायद्यातील शब्द बदलणे हे संसदेचे काम आहे, असे पाचही न्यायमूर्तींनी मानले. विवाहाऐवजी निदान सहजीवनाला मान्यता द्यावी काय, या मुद्द्यावर तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली आणि तोही मार्ग बंद झाला. परिणामी केजच्या नगरपंचायतीत असो वा तालुक्यातील एखाद्या ग्रामपंचायतीत, विवाह नोंदणीच्या अर्जात वर आणि वधू हे दोनच रकाने आहेत.

या रकान्यांचे मोल ग्रामीण भागात अधिक आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला येथे 'कोयता' म्हणतात आणि मुकादमाकडून उचल मिळते ती या जोडीला. विवाह हा येथे भावनेइतकाच रोजगाराचाही भाग आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार, जिल्ह्यातील 20 ते 24 वयोगटातील 40 टक्क्यांहून अधिक स्त्रियांचे लग्न 18 वर्षांच्या आत झाले होते. जेथे मुलीला लग्नाची वेळही ठरविता येत नाही, तेथे 'मला पुरुषाशी लग्न करायचे नाही' हे वाक्य उच्चारणार कोण? समलिंगी कल असलेल्या मुलाचेही लग्न लावून दिले जाते आणि त्यात काहीही दोष नसलेल्या त्याच्या पत्नीचे आयुष्यही भरडले जाते.

सवलती आणि हक्क

घटनापीठासमोर दिलेल्या आश्वासनानुसार केंद्राने 2024 मध्ये मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यानंतर समलिंगी जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबातील मानावे, तसेच संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि जोडीदाराचे नामनिर्देशन करण्यास आडकाठी नाही, अशा सूचना निघाल्या. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण नामनिर्देशित व्यक्ती रकमेची मालक ठरत नाही, वारसाचा हक्क कायम राहतो. मृत्युपत्र केलेले नसेल, तर सातबाऱ्यावर नाव चढते ते आई-वडील वा भावंडांचे. वीस वर्षे सोबत राहिलेला जोडीदार कायद्याच्या नजरेत परकाच राहतो. मुंबईतील सुशिक्षित जोडपे वकील गाठून मृत्युपत्र, मुखत्यारपत्र करू शकते. प्राप्तिकर कायद्यात पती-पत्नींमधील भेटवस्तूंना असलेली करसवलत आपल्यालाही मिळावी, यासाठी एका समलिंगी जोडप्याने 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात धावही घेतली. केजच्या तरुणाला तेवढा आवाका कोठून असणार?

नातेसंबंधाचा जाहीर स्वीकार महाराष्ट्राला अगदीच नवा नाही. 377 वे कलम अस्तित्वात असतानाच, डिसेंबर 2017 मध्ये, अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका अभियंत्याने यवतमाळमध्ये आपल्या पुरुष जोडीदारासह विवाहसोहळा केला. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी एप्रिल 2022 मध्ये विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचविणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. 2024 मध्ये सभागृहाची मुदत संपताच तेही निकालात निघाले. शेजारच्या नेपाळमध्ये मात्र, कागदोपत्री दोघेही पुरुष असलेल्या जोडप्याच्या विवाहाची पहिली नोंद नोव्हेंबर 2023 मध्ये झाली, तीही लमजुंग जिल्ह्यातील एका गावपालिकेत, राजधानीत नव्हे.

विवाहसंस्था ही परंपरेची देणगी असल्याने तिच्यात बदल समाजाच्या संमतीनेच व्हावा, हा विरोधकांचा मुद्दा दुर्लक्षिण्याजोगा नाही. तथापि, आंतरजातीय विवाह आणि विधवाविवाह यांना कायद्याने संरक्षण दिले, ते समाजाची संमती पूर्ण होण्याआधीच. न्यायालयाने चेंडू संसदेकडे टोलविला आहे आणि संसद गप्प आहे. या मौनाची सर्वाधिक किंमत, ज्यांच्याकडे कुटुंब आणि गाव सोडून दुसरा आधार नाही, त्यांनाच मोजावी लागत आहे.