यंत्राची परीक्षा आपल्या गावातही व्हावी

टीबीच्या शोधमोहिमेत आता हातात धरता येईल एवढे एक्स-रे यंत्र गावात येते. छातीचे चित्र निघते आणि मिनिटाभरात संगणक सांगतो, टीबीचा संशय आहे किंवा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींच्या प्राथमिक चाळणीसाठी अशा संगणकी वाचनाची शिफारस केली. केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये सुरू केलेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेतही ही यंत्रे वापरली गेली. मुरबे, सातपाटीच्या किनाऱ्यावर किंवा जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर एक्स-रे वाचणारा तज्ज्ञ रोज मिळत नाही, हे सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या कुणालाही सांगावे लागत नाही. तेव्हा यंत्राचे स्वागतच आहे. पण त्याची परीक्षा कुणी घेतली, कुठल्या माणसांवर घेतली आणि निकाल कुणाला सांगितला, हे विचारण्याची सवय आपल्या वैद्यकाला अजून लागलेली नाही.

ही सवय ज्यांना लागली आहे, त्यांच्याकडे पाहावे. ते डॉक्टर नाहीत, मूलकणांचा अभ्यास करणारे भौतिकशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी मशीन लर्निंग आपल्या खूप आधी हाती घेतले. अणू व मूलकणांच्या संशोधनात कृत्रिम बुद्धिमत्ता कशी वापरावी, यावरची त्यांची कार्यशाळा १९९० मध्येच फ्रान्समधील लिऑन येथे झाली. ती मालिका आजही चालू आहे. याच क्षेत्रातील संगणनावरची जागतिक परिषद फेब्रुवारी २००६ मध्ये मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भरली होती. होमी भाभांनी १९४५ मध्ये उभी केलेली ही संस्था. तारापूरच्या अणुवीज केंद्रामुळे भाभांचे नाव आपल्या किनाऱ्याला घरचे आहे. मात्र ते स्वतः वैश्विक किरणांचे, म्हणजे मूलकणांचेच अभ्यासक होते, हे आपण सहसा विसरतो.

यंत्राची गरज त्यांना का पडली? जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला सुमारे चार कोटी वेळा एकमेकांना छेदतात. एवढ्या नोंदी साठवणे अशक्य, म्हणून काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे तिथल्या तिथे यंत्रे ठरवतात. कोळी माणसाला हे लगेच कळेल. जाळ्याचा आस किती मोठा, यावर कोणता मासा वर येणार ते ठरते, आणि निसटलेला मासा नंतर मोजता येत नाही. म्हणूनच भौतिकशास्त्रज्ञ आपल्या जाळ्यावर सतत संशय घेतात.

त्याचे सर्वात चांगले उदाहरण मुंबईतच घडले. जुलै २०११ मध्ये फ्रान्समधील ग्रेनोबल येथील परिषदेत सर्नच्या अॅटलास आणि सीएमएस या दोन प्रयोगांनी काही नोंदी दाखवल्या. ज्या हिग्ज कणाचा शोध अनेक दशके चालला होता, त्याची ही चाहूल असू शकेल, अशी चर्चा जगभर झाली. महिन्याभरात, २२ ऑगस्टला, टाटा संस्थेत लेप्टॉन-फोटॉन परिषद सुरू झाली. त्याच गटांनी वाढलेली माहिती तिथे मांडली आणि सांगितले, की आधी दिसलेली खूण आता थोडी फिकी पडली आहे. लपवाछपवी नाही, सबबी नाहीत. पुढे ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज कण सापडल्याची घोषणा झाली, तेव्हा कण नसताना केवळ योगायोगाने अशी खूण दिसण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक इतकी उरली होती. मुंबईत सावधपणे बोललेल्या माणसांवर जगाने तेव्हा विश्वास ठेवला. सीएमएस प्रयोगात टाटा संस्थेसह अनेक भारतीय संस्थांचा वाटा आहे.

याउलटही घडते. डिसेंबर २०१५ मध्ये दोन्ही प्रयोगांना एका नव्या कणाचा भास झाला. त्यावर शेकडो शोधनिबंध लिहिले गेले. ऑगस्ट २०१६ मध्ये शिकागोच्या परिषदेत नवी आकडेवारी आली आणि तो कण नाहीसा झाला. त्यात कुणाची नाचक्की झाली नाही. परिषद असते ती अशाच कामासाठी.

या लोकांच्या काही रीती आहेत. यंत्र ज्या माहितीवर शिकते, त्या माहितीवर त्याची परीक्षा घ्यायची नाही. निष्कर्षाची पद्धत पक्की होईपर्यंत ज्या भागात उत्तर असण्याची शक्यता आहे तो भाग झाकून ठेवायचा, म्हणजे मनाजोगते उत्तर काढण्याचा मोह होत नाही. औषधांच्या चाचणीत कुणाला खरे औषध आणि कुणाला साधी गोळी हे गुप्त ठेवतो, तसेच हे. आणि दोन गटांनी वेगवेगळ्या उपकरणांवर स्वतंत्रपणे तेच पाहायचे. २०१४ मध्ये अॅटलास गटाने हिग्जच्या शोधाचे कोडे सर्वांसाठी खुली स्पर्धा म्हणून मांडले. १७८५ संघ उतरले. अंतिम क्रम लावला तो स्पर्धकांपासून झाकून ठेवलेल्या भागावर.

आता आपल्या एक्स-रेकडे येऊ. २०१८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी तीन ठिकाणच्या रुग्णालयांतील दीड लाखाहून अधिक छातीच्या एक्स-रेंवर न्यूमोनिया ओळखणारे यंत्र तपासले. पाचपैकी तीन तुलनांत परक्या रुग्णालयात त्याची कामगिरी घसरली. कारण मोठे बोलके होते. चित्र कोणत्या रुग्णालयातले हे यंत्र जवळजवळ अचूक ओळखत होते, आणि जिथे न्यूमोनियाचे रुग्ण जास्त तिथले चित्र दिसले की आजाराची शक्यता जास्त धरत होते. फुप्फुस पाहण्याऐवजी ते पत्ता पाहत होते.

प्रोटॉन जिनिव्हात आणि मुंबईत सारखाच असतो. फुप्फुस मात्र तसे नसते. बोटीवर दिवसचे दिवस दाटीवाटीने राहणारा मुरब्याचा खलाशी, बोईसर-तारापूरच्या कारखान्यात धुळीत काम करणारा परप्रांतीय कामगार, चुलीच्या धुरात आयुष्य गेलेली आजी, लहानपणापासून कुपोषित असलेला आदिवासी तरुण, यांची छाती यंत्राने शिकताना पाहिली होती का? एकदा टीबी होऊन गेलेल्या फुप्फुसावर व्रण राहतात, आणि अशा व्यक्तींत व वयस्करांत संगणकी वाचन जास्त चुकते, असे बांगलादेशातील मोठ्या अभ्यासात आढळले आहे.

गणित करून पाहू. प्राथमिक चाळणीच्या चाचणीकडून जागतिक आरोग्य संघटनेची किमान अपेक्षा अशी आहे, की १०० रुग्णांपैकी ९० तिने पकडावेत आणि १०० निरोगींपैकी ७० जणांना निरोगी म्हणावे. समजा गावात १००० जण तपासले आणि त्यांत १० जणांना टीबी आहे. यंत्र ९ जणांना पकडेल, एक सुटेल. ९९० निरोगींपैकी २९७ जणांवर उगाच संशयाचा शिक्का बसेल. म्हणजे संशयित ३०६, खरे रुग्ण ९. म्हणून यंत्राने संशय घेतला की औषधे सुरू करायची नसतात, थुंकीची जनुकीय तपासणी करायची असते. गोव्यात तयार होणारे ट्रूनॅट त्यासाठीच आहे. आणि यंत्राने ‘ठीक’ म्हटले तरी दोन आठवड्यांवरचा खोकला, रोजचा ताप, घटणारे वजन असेल तर तपासणी सोडायची नाही. सुटलेला तो एक खलाशी पुन्हा त्याच बोटीत जाऊन झोपणार असतो.

यावर कुणी म्हणेल, भौतिकशास्त्रज्ञांना वेळ आहे, कण कुठे पळून जात नाही. इथे माणसे मरतात, तेव्हा परीक्षेसाठी यंत्र थांबवता येणार नाही. मुद्दा बरोबर आहे. पण परीक्षेसाठी यंत्र थांबवावे लागतच नाही, ते चालू असतानाच परीक्षा घेता येते. पालघर जिल्ह्यात पहिले काहीशे एक्स-रे यंत्राने आणि डॉक्टरांनी एकमेकांचे मत न पाहता वाचावेत. यंत्राने ‘ठीक’ म्हटलेल्यांपैकी चिठ्ठ्या टाकून काहींची थुंकी तपासावी, कारण सुटलेले मासे दिसण्याचा दुसरा मार्ग नाही. किनारा, औद्योगिक वसाहत आणि डोंगरपट्टा यांचे आकडे वेगवेगळे ठेवावेत. सॉफ्टवेअर बदलले की परीक्षा नव्याने घ्यावी. आणि दर तीन महिन्यांनी निकाल, चुकांसह, जिल्हा रुग्णालयाच्या सभागृहात उघडपणे मांडावा. तिथे तालुक्याचे वैद्यकीय अधिकारी, आशा कार्यकर्त्या आणि गावचे सरपंच बसावेत. मुंबईच्या संशोधन संस्थांतील जाणकारांनाही बोलवावे. आकड्यांत फसू नये कसे, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळते.

यासाठी नवी इमारत लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. लागते ती एवढीच तयारी, की गेल्या बैठकीत आम्ही जे सांगितले ते यावेळी टिकले नाही, हे चारचौघांत सांगता यावे. २०११ च्या ऑगस्टमध्ये कुलाब्याला ते सांगता आले. पालघरलाही सांगता येईल.