आजार वीस वर्षांनी, दाव्याची मुदत दोन वर्षांची




अ‍ॅस्बेस्टॉसमुळे फुप्फुस निकामी झालेल्या कामगाराला भरपाई का मिळत नाही, असे विचारले की लोक आधी कंपनीकडे बोट दाखवतात, मग डॉक्टरांकडे. मी वकिली करतो आणि माझे मत वेगळे आहे. पहिली अडचण कायद्यातल्या मुदतीची आहे.

१९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने अ‍ॅस्बेस्टोसिस हा व्यवसायजन्य आजार मानला, पण दाव्याला मुदत ठेवली दोन वर्षांची. नोकरी सुटलेल्या कामगाराला दोन वर्षांच्या आत लक्षणे दिसली, तरच लक्षणे आढळल्याच्या दिवसापासून मुदत मोजायची, अशी तरतूद आहे. आता हा आजार कसा येतो ते पाहा. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू छातीत गेल्यापासून धाप लागेपर्यंत दहा-वीस वर्षे सहज जातात. फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, मेसोथेलिओमा, तर तीस-चाळीस वर्षांनी उद्भवतो. आजार अंगावर येण्याआधीच हक्क संपलेला असतो! २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने जुना कायदा पोटात घेतला, पण दोन वर्षांची अट तशीच राहू दिली. पुरेसे कारण दाखवल्यास उशीर माफ करता येतो, हे मला ठाऊक आहे. पण ज्याला दहा पावले टाकली की थांबावे लागते, त्याने आधी उशिराची कारणे सिद्ध करायची आणि मग आजारावर बोलायचे, हा न्याय नव्हे.

हे मी हिंगोलीतून लिहितो आहे, त्याला कारण आहे. बहात्तरच्या दुष्काळात आणि त्यानंतरही मराठवाड्यातली माणसे मुंबईच्या गिरण्या, कारखाने, गोदी इथे पोटासाठी गेली. कामे बंद पडली, तशी अनेकजण गावाकडे परतले. सेनगाव किंवा औंढ्याच्या म्हाताऱ्या माणसाचा खोकला थांबत नसेल, तर पहिला संशय क्षयाचाच येतो. तीस वर्षांपूर्वी तो कुठल्या खात्यात काम करत होता, हे केसपेपरवर कुणी लिहीत नाही. मग भरपाईचा प्रश्न निघणार कुठून?

घाटकोपरच्या हिंदुस्थान कंपोझिट्स, म्हणजे आधीच्या हिंदुस्थान फेरोडो, या ब्रेक लायनिंग बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांची तपासणी डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी केली. तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासलेल्या १८१ जणांपैकी ४१ जणांना अ‍ॅस्बेस्टोसिस निघाला. शोधले की सापडतो, एवढे तरी यातून कळते.

ही फेरोडो मूळची ब्रिटनच्या टर्नर अँड न्यूऑल समूहाची. त्याच समूहाच्या तिकडच्या कामगाराला तिथला कायदा दाव्यासाठी तीन वर्षे देतो आणि ती मोजतो आपला आजार कामामुळे झाला हे त्याला कळल्यापासून. जुना मालक किंवा त्याचा विमा सापडत नसेल, तर मेसोथेलिओमाच्या रुग्णासाठी २०१४ पासून तिथे वेगळी योजना आहे. तंतू तोच, फुप्फुसही तसेच. आपल्या कामगारासाठी घड्याळ आधीपासून का सुरू करायचे?

आपले सर्वोच्च न्यायालय याबाबत कायद्याच्या पुढे आहे. २७ जानेवारी १९९५ च्या निकालात त्याने कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, निवृत्तीनंतरसुद्धा. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षे, यांतला जो काळ नंतर संपेल तोवर ठेवावी, असा आदेश दिला. त्या प्रकरणात ज्यांना अ‍ॅस्बेस्टोसिस निघेल त्यांना प्रत्येकी एक लाख रुपये द्यायला सांगितले. २०११ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदीची मागणी फेटाळतानाही न्यायालयाने हे निर्देश पाळायला लावले. नोंद चाळीस वर्षे जपायची ती आजार उशिरा येतो म्हणूनच ना? मग दावा दोन वर्षांत का बाद व्हावा?

मालकांचे म्हणणे असते की एवढ्या जुन्या गोष्टीचा पुरावा कुठे, आणि माणूस बिडी ओढत असेल तर दोष कुणाचा? नोंद ठेवण्याची जबाबदारी न्यायालयाने कारखान्यावर टाकली आहे. नोंदच नसेल तर त्याचा फटका कामगाराला बसता कामा नये. बिडीने अ‍ॅस्बेस्टोसिस होत नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका मात्र बिडी आणि अ‍ॅस्बेस्टॉस एकत्र आले की कितीतरी वाढतो, आणि तरीही अ‍ॅस्बेस्टॉसचा वाटा पुसला जात नाही.

कारखाना बंद पडला असेल तर? आणि ज्याला कधी मालकच नव्हता, तो गावोगाव अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे कापणारा, भोके पाडणारा मिस्त्री? त्यांच्यासाठी राजस्थानचे धोरण पाहावे. तिथे २०१९ पासून धुळीने फुप्फुस निकामी झाल्याचे प्रमाणित झाले की सरकार रुग्णाला ३ लाख रुपये देते आणि मृत्यूनंतर वारसांना २ लाख. असे धोरण आणण्यासाठी महाराष्ट्राला दिल्लीची वाट पाहायची गरज नाही.

हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात ठरावीक दिवशी जुन्या कारखाना-कामगारांची एक्सरे आणि श्वासक्षमतेची तपासणी व्हावी, आणि खोकल्याच्या प्रत्येक रुग्णाला जुने काम विचारले जावे. गावी परतलेल्यांनी पगाराच्या पावत्या, प्रॉव्हिडंट फंडाचे कागद, ईएसआयचे कार्ड फेकू नये. ईएसआयचा विमा असेल तर मागणी कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे करावी लागते. नसेल तर भरपाईचा दावा आज राहतो त्या भागातही दाखल करता येतो, मुंबई गाठावी लागत नाही.

मुदतीतला बदल मात्र संसदेनेच करायला हवा: दोन वर्षे निदानाच्या दाखल्यापासून मोजावीत. आपल्या खासदारांनी ही दुरुस्ती मागावी, आणि वसमत, कळमनुरी व हिंगोलीच्या आमदारांनी राजस्थानसारख्या धोरणासाठी येत्या अधिवेशनात प्रश्न विचारावा.

— एक वकील वाचक, हिंगोली