खात्री नसेल तर 'नाही' म्हणा?

संगणकाच्या जगात 'डिफॉल्ट' हा शब्द सतत कानावर पडतो. मराठीत त्याला वेगवेगळे प्रतिशब्द सुचवले गेले आहेत, पण बोलताना सगळे डिफॉल्टच म्हणतात, तेव्हा मीही तेच म्हणेन. अर्थ सोपा आहे. तुम्ही काही सांगितलं नाहीत तर काय धरून चालायचं, हे कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. शाळेत असताना हे मी वर्षानुवर्षं पाहिलं. फॉर्मवरचा एखादा रकाना मुलाने कोरा सोडला, की कारकून त्यात ठरलेलं उत्तर भरून मोकळा व्हायचा. आणि रकाना कोरा सोडणारी मुलं बहुधा तीच असायची, ज्यांच्या घरी तो फॉर्म वाचून समजावून सांगणारं कोणी नव्हतं. त्यामुळे कोऱ्या रकान्यात काय भरायचं, हा प्रश्न मला कधीच किरकोळ वाटला नाही.

आज लिहायचं आहे ते अशाच एका कोऱ्या रकान्याबद्दल. तो लिनक्सच्या कर्नलमध्ये आहे. विषय जरा रुक्ष वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. तुमच्या-आमच्या घरातल्या फोटोंशी त्याचा संबंध आहे.

कर्नल म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा. लिनक्सचा कर्नल १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने लिहायला घेतला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. तो खुला असल्यामुळे ज्याला हवा त्याने आपल्या यंत्रापुरता तो बांधून घ्यावा, अशी सोय आहे. बांधण्यापूर्वी तो प्रश्न विचारतो. अमुक यंत्रभाग ओळखता यायला हवा का? तमुक पद्धत हवी का? हे प्रश्न हजारोंच्या संख्येने आहेत. सगळ्यांची उत्तरं विचार करून देणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. म्हणून प्रत्येक प्रश्नाला एक डिफॉल्ट उत्तर दिलेलं असतं. बहुतेक जण एंटर दाबत पुढे जातात.

या प्रश्नांत एक छोटा गट डिस्कच्या पार्टिशनचा आहे. पार्टिशन म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला समजावणं अगदी सोपं. वडिलोपार्जित जमिनीचे हिस्से पडतात ना, तसे एका हार्ड डिस्कचे हिस्से पाडतात. कोणता हिस्सा कुठून सुरू होतो आणि किती लांब आहे, याचा एक तक्ता डिस्कच्या सुरुवातीलाच लिहिलेला असतो. डिस्कचा सातबाराच म्हणा. तो वाचता आला तर पुढचं सगळं. वाचता आला नाही तर माल तिथेच असतो, फक्त तो कुठे आहे हे यंत्राला कळत नाही.

गंमत अशी की हा सातबारा लिहायची पद्धत एकच नाही. आपल्या ओळखीच्या पद्धती दोन. पहिली एमबीआर. ती १९८३ साली आयबीएमच्या पीसी एक्सटी या हार्ड डिस्क असलेल्या संगणकाबरोबर, डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत आली. तिच्यात मुख्य हिस्से चारच, आणि आकडे लिहायला जागा इतकी थोडी की नेहमीच्या ५१२ बाइटच्या सेक्टरची डिस्क असेल तर सुमारे २.२ टेराबाइटच्या पलीकडची जमीन तिला मोजताच येत नाही. दुसरी जीपीटी. ती इंटेलने आखलेल्या ईएफआय या नव्या व्यवस्थेबरोबर आली. तिच्यात साधारणपणे १२८ हिस्स्यांची सोय असते. तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी जपून ठेवलेली असते, आणि तक्त्यात काही बिघडलं तर ते ओळखण्यासाठी ताळ्याचा आकडाही असतो. आजचे नवे लॅपटॉप जवळपास सगळे जीपीटीवर चालतात. याशिवाय अमिगा, अटारी, जुना मॅकिंटॉश, सन, एसजीआय अशा कितीतरी यंत्रांच्या आपापल्या पद्धती होत्या, आणि त्या वाचणारा मजकूर अजून कर्नलमध्ये सांभाळलेला आहे.

आता डिफॉल्ट काय ठेवला आहे ते पाहू. कर्नल आधी एकच प्रश्न विचारतो, की पार्टिशनच्या पद्धती तुम्हाला स्वतः निवडायच्या आहेत का? सोबतच्या मदतीत सल्ला आहे, खात्री नसेल तर 'नाही' म्हणा. तुम्ही 'नाही' म्हणालात, तर एमबीआर आणि जीपीटी या दोन्ही पद्धती न विचारता चालू राहतात. 'हो' म्हणालात तर पूर्ण यादी उघडते, आणि मग या दोन्हीही बंद करता येतात. कर्नल ज्या जातीच्या यंत्रासाठी बांधायचा त्या यंत्राची पद्धत आपोआप चालू होते, म्हणजे अमिगासाठी बांधला तर अमिगाची. बाकीच्या सहसा बंद. पूर्वी जीपीटीला हा मान नव्हता. एमबीआर आपोआप मिळायची, जीपीटी हवी तर आतल्या यादीत जाऊन मागून घ्यावी लागे. दहा-बारा वर्षांमागे ते बदललं आणि दोघी एका पंक्तीला बसल्या.

माझं मत असं की हा बदल योग्य होता, आणि तो का योग्य होता हे नीट समजून घेण्यासारखं आहे. याच्या विरुद्ध बाजूनेही काही वजनदार बोललं जातं, ते आधी सांगतो.

कर्नलच्या लेखकांचा एक नियम आहे. नव्या पर्यायाचं डिफॉल्ट उत्तर 'नाही' असावं, म्हणजे कर्नल उगाच फुगत नाही. अपवाद मोजकेच, आणि त्यातला एक म्हणजे जी गोष्ट सगळेच गृहीत धरतात ती. हा नियम मला पटतो. प्रत्येकाला आपलंच काम महत्त्वाचं वाटतं. सगळ्यांनी आपापल्या पर्यायापुढे 'हो' लिहिलं तर घराची माळ्यावरची खोली व्हायची.

दुसरं कारण सुरक्षेचं. पेन ड्राइव्ह खोचताक्षणी कर्नल तिचा तक्ता वाचू लागतो. तुम्ही काही उघडण्याआधीच. कोणी मुद्दाम वेडावाकडा तक्ता लिहून आणला, आणि वाचणाऱ्या मजकुरात चूक असली, तर यंत्र कोलमडू शकतं. हे काल्पनिक नाही. २०११ साली कर्नलमधल्या अशा वाचकांत खरोखरच त्रुटी सापडल्या होत्या. त्यात मॅकची पद्धत होती, विंडोजची एलडीएम होती, आणि जीपीटीसुद्धा होती. तेव्हा 'सगळंच चालू ठेवा, बिघडतं काय' असं म्हणता येत नाही. जी पद्धत आपल्या आयुष्यात कधी समोर येणार नाही तिचं दार उघडं ठेवण्यात शहाणपणा नाही.

इतकं मान्य करूनही जीपीटीला 'हो' का? तर हा तक्ता डिस्कचा असतो, यंत्राचा नसतो. आणि डिस्क प्रवास करते.

आमच्या वाडीतलं उदाहरण सांगतो. इंजिनिअरिंगला असलेल्या एका हुशार मुलाने शेजारच्या आजी-आजोबांसाठी एक जुना संगणक जिवंत केला. विंडोज त्याला झेपत नव्हतं, म्हणून लिनक्स घातलं, आणि हौसेने स्वतः बांधलेला बारीक कर्नल बसवला. पार्टिशनची आतली यादी उघडून त्याने ईएफआय जीपीटी हा पर्याय बंद केला. का? तर यंत्र जुनं, त्यात ईएफआय नाही, मग ईएफआयची पद्धत कशाला हवी? तर्क वरवर बिनतोड आहे. महिनोन् महिने काही बिघडलं नाही. चतुर्थीला आजोबांचा मुलगा मुंबईहून आला. येताना त्याने मोठी डिस्क आणली होती. त्यात घरातले जुने अल्बम स्कॅन करून भरलेले. आजोबांच्या लग्नातले, गेलेल्या थोरल्या मुलाचे. डिस्क जोडली, आणि पडद्यावर एकच मोठा अनोळखी तुकडा दिसू लागला. आत काय आहे ते काही कळेना.

याचंही कारण आहे. जीपीटीच्या डिस्कवर सुरुवातीला एमबीआरच्या लिपीत एक पाटी मुद्दाम लावलेली असते, की ही सगळी जमीन व्यापलेली आहे, हात लावू नका. जीपीटी न वाचणाऱ्याला तेवढी पाटीच दिसते. सात भावांचे सात हिस्से असलेली जमीन त्याला एकच गट म्हणून दिसते, आणि मालकाचं नाव वाचता येत नाही.

मुलाने मला विचारलं, "गुरुजी, ह्या डिस्कात कायच दिसणा नाय. फॉरमॅट मारू काय?"

मी म्हटलं, थांब बाबा. ती डिस्क आधी ज्याने आणली त्याच्या लॅपटॉपला लाव. लावली. सगळे फोटो जागच्या जागी होते.

पोरगा अडाणी नव्हता. त्याने घरात काय आहे ते पाहून उत्तर दिलं, दारात कोण येईल ते पाहिलं नाही. त्या पर्यायाच्या नावातच ईएफआय आहे, त्यामुळे जुन्या यंत्रावर त्याचं काम नाही असं वाटणं साहजिक होतं. मला विचाराल तर मदतीच्या मजकुरात एक वाक्य वाढवायला हवं, की तुमचं यंत्र जुनं असलं तरी बाहेरून येणाऱ्या डिस्क या पद्धतीच्या असू शकतात.

आता दोन बाजूंच्या चुका तराजूत घालून पाहू. जीपीटी विनाकारण चालू राहिली, तर खर्च काही किलोबाइटचा. सुरक्षेचा थोडा धोका आहे, पण हा मजकूर जगभर इतका वापरला जातो की त्यातल्या चुका लवकर उघड्या पडतात. उलट ती विनाकारण बंद राहिली तर? चालू यंत्राचीच डिस्क जीपीटीची असेल, तर मूळ हिस्साच सापडत नाही आणि यंत्र सुरूच होत नाही. बाहेरची डिस्क असेल तर ती अनोळखी दिसते, आणि अनोळखी वस्तू पुसून टाकायला माणसाचा हात लगेच पुढे होतो. शिवाय हे वाचक कर्नलमध्ये बांधूनच घ्यावे लागतात, मागाहून वेगळा तुकडा म्हणून जोडता येत नाहीत. जाणकाराला बाहेरून तक्ता वाचणारी साधनं माहीत असतात. ज्याने नुसतं एंटर दाबलं, त्याला ती माहीत असण्याची शक्यता कमी. आणि डिफॉल्ट असतो तो त्याच्यासाठीच. जाणकार यादी उघडून हवं ते बंद करू शकतो, त्याचं काही अडत नाही.

म्हणून मला वाटतं, 'खात्री नसेल तर नाही' हा सल्ला इथे शोभतो तो एकाच कारणामुळे, की त्या 'नाही'च्या मागे दोन महत्त्वाचे 'हो' आधीच लिहून ठेवले आहेत. नुसता 'नाही' शहाणा नसतो. तो कोणीतरी आधी विचार करून सुरक्षित केलेला असावा लागतो.

आणि हा विचार एकदाच करून भागत नाही. आमच्या भागात अनेक घरांत पेटीच्या तळाशी मोडीतले कागद आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी चालत होती. मग ती शाळेतून गेली, आणि दोन पिढ्यांत ते कागद घरच्यांनाच परके झाले. वाचता येत नाही म्हणजे रद्दी, असं समजून किती कागद चुलीत गेले असतील, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. प्रत्येकाने मोडी शिकावी असं माझं म्हणणं नाही. पण वाचणारे कुठेतरी शिल्लक हवेत, आणि वाचणारा मिळेपर्यंत कागद जपायला हवा. कर्नलमध्ये अमिगा-अटारीचे वाचक बंद अवस्थेत का होईना ठेवले आहेत, ते मला यासाठीच आवडतं. रोजच्या दारात बाळबोध, आणि मागितली तर मोडी. एमबीआरही एक दिवस मोडीच्या जागी जाऊन बसेल. तेव्हा तिलाही मागच्या यादीत न्यावं, पण पुसू नये.

असो. कर्नल बांधणारे वाचक थोडेच असतील, पण डिस्क प्रत्येकाच्या घरी आहे. तेव्हा एवढंच लक्षात ठेवा. डिस्क रिकामी किंवा अनोळखी दिसली, तर ती रिकामी आहे असं लगेच धरून चालू नका. फॉरमॅटच्या प्रश्नाला 'नाही' म्हणा आणि दुसऱ्या यंत्रावर लावून पाहा. तिथे मात्र खात्री नसेल तर 'नाही' म्हणणंच बरं.